शाळेत एआयचे नियम ठरवताना : पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

शाळेने एआयबद्दल, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या विचारलं की उत्तर लिहून देणाऱ्या यंत्रांबद्दल, अजून काहीच ठरवलं नसेल, तरी शाळेत नियम नाहीत असं समजू नका. तिथे प्रत्येकाचा आपापला नियम चालू असतो. मराठीच्या बाई चॅटजीपीटीवरून आणलेला निबंध परत करतात, विज्ञानाचे सर त्याच मुलाला प्रकल्पासाठी "चॅटजीपीटीला विचार" म्हणतात, आणि घरी आई व्हॉट्सॲपमधल्या निळ्या गोलाला, म्हणजे मेटा एआयला, विचारून गृहपाठ पुरा करून घेते. मूल तिघांचंही ऐकतं आणि आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला कळत नाही. नियम लिहिण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेले मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी संगणकातलं फार काही कळायला हवं असं नाही. आपल्या शाळेतली मुलं आणि त्यांची घरं माहीत असणं जास्त उपयोगी पडतं.

माझा आग्रह एकच आहे आणि तो पुढे पुन्हापुन्हा येईल : नियम ॲपचा करू नका, कामाचा करा. "चॅटजीपीटी वापरायचं नाही" असं लिहिलं की मूल दुसरं ॲप उघडतं आणि नियम कागदावर राहतो. "हा निबंध वर्गात बसून, फोनशिवाय, स्वतः लिहायचा" हा नियम मात्र उद्या कुठलंही नवं ॲप आलं तरी लागू राहतो.

सरसकट बंदीचा मोह होतो, कारण ती एका ओळीत लिहिता येते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी ती करून पाहिली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस आलं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाने शाळेच्या संगणकांवर आणि नेटवर्कवर ते बंद केलं, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंदी मागेही घेतली. आपल्याकडे तर शाळेच्या संगणकावर बंदी घालून फारसं काही साधतच नाही, कारण मुलं वापरतात ते घरच्या फोनवर. जून २०२४ मध्ये मेटा एआय भारतातल्या व्हॉट्सॲपमध्ये आलं. त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागत नाही की खातं उघडावं लागत नाही. ज्या फोनवर शाळेचा गृहपाठाचा ग्रुप आहे, त्याच फोनवर उत्तर देणारं यंत्रही आहे.

पायरी पहिली : आधी काय चालू आहे ते विचारा

नियम लिहायला बसण्याआधी आठवी ते दहावीच्या वर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायचं नाही, शिक्षा होणार नाही, हे आधी सांगा आणि तो शब्द पाळा. अक्षरावरून मूल ओळखायचा प्रयत्न एकदा जरी झाला, तरी पुढची दोन वर्षं तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही. प्रश्न चारच पुरेत : एआय कोणाच्या फोनवर वापरतोस? कोणत्या विषयांना? उत्तर जसंच्या तसं उतरवतोस की समजून घेतोस? वापरायला कोणी शिकवलं?

या चिठ्ठ्यांतून फोन कोणाकडे नाही हेही कळतं, आणि माझ्या मते ती माहिती सगळ्यांत मोलाची आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांबद्दल २०२४ च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत आढळलं की सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन घरात असणं आणि संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी तो मुलाच्या हाती असणं यांत पुष्कळ अंतर आहे. वडील रात्रपाळीला फोन घेऊन गेले की त्या घरातल्या मुलीचा एआयही गेला. आपल्या शाळेत अशी किती घरं आहेत, हे तुम्हाला माहीत हवं.

शिक्षकांनाही तीच चिठ्ठी द्या. वर्णनात्मक नोंदी, टाचण, घटक चाचणीचे प्रश्न, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, वरिष्ठ कार्यालयाला पाठवायचे अहवाल, अशा कित्येक कामांत एआय आलेलं आहे. ते लपवून मुलांसाठी नियम लिहिलेत, तर मुलांना ते पहिल्याच आठवड्यात कळेल.

पायरी दुसरी : लिहिणारे कोण

हे काम एकट्या संगणक शिक्षकांच्या गळ्यात घालू नका. प्रश्न संगणकाचा कमी आणि गृहपाठाचा, गुणांचा, शिस्तीचा जास्त आहे. मुख्याध्यापक, एक भाषा शिक्षक, एक गणित किंवा विज्ञानाचे शिक्षक, दोन पालक आणि नववी-दहावीतले दोन विद्यार्थी एवढी माणसं पुरतात. विद्यार्थी हवेतच. "असं लिहिलंत तर मुलं यातून अशी पळवाट काढतील" हे तेच सांगू शकतात.

मसुदा तयार झाला की शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा. शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे तिथे झालेल्या ठरावाला वजन येतं. विनाअनुदानित शाळेत हेच काम पालक-शिक्षक संघात करा. ठराव इतिवृत्तात नोंदवा. पुढे वाद झालाच, तर "हे कधी ठरलं?" या प्रश्नाला तारखेसह उत्तर असायला हवं.

पायरी तिसरी : वय, खातं आणि मुलांची माहिती

इथे फार घोळत बसू नका. कायदा बराचसा स्पष्ट आहे.

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे, आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांशी संबंधित तरतुदी मोडल्या तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या अटींतही किमान वय तेरा आहे आणि अठराखालच्यांना पालकांची परवानगी लागते. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणातल्या एआयविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिनेही स्वतंत्र वापरासाठी तेरा वर्षांची मर्यादा सुचवली आहे.

यावरून शाळेपुरता नियम असा निघतो. पहिली ते पाचवीच्या मुलांनी स्वतः एआय वापरायचं नाही. बाईंना प्रोजेक्टरवर काही दाखवायचं असेल तर बाई दाखवतील. सहावी ते आठवीत शिक्षक किंवा पालक शेजारी असतानाच, आणि खातं मोठ्या माणसाचं. आठवीत कोणी तेरा पूर्ण केलेलं असेल, तरी वर्गात दोन नियम नकोत म्हणून तोच नियम सगळ्यांना. नववीपासून पुढे पालकांच्या लेखी संमतीने आणि पुढच्या पायरीतल्या नियमांनी. ज्या पालकांनी संमती दिली नाही, त्यांच्या मुलांचा एक गुणही जाणार नाही, हे त्याच कागदावर छापा.

एआयमध्ये काय टाकायचं नाही हे शिक्षक आणि मुलं दोघांसाठी एकच : नाव, फोटो, आधार क्रमांक, जात, आजारपण, घरचा पत्ता, घरातली भांडणं. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली आहे. मुलं यंत्राला मनातलं सांगतात. त्यांना रागावू नका, पण शाळेत आपलं ऐकून घेणारं माणूस कोण आहे, त्याचं नाव आणि भेटायची वेळ त्यांना माहीत असू द्या.

पायरी चौथी : प्रत्येक कामाला एक खूण

खरा नियम इथे लिहिला जातो, म्हणून निम्मा वेळ याला द्या. फळ्यावर गृहपाठ लिहिताना त्याच्या पुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा : बंद, मदतीपुरतं, खुलं.

'बंद' म्हणजे एआय अजिबात नाही. 'मदतीपुरतं' म्हणजे विचारायला, समजून घ्यायला, प्रश्न सुचवायला चालेल, पण वहीत उतरेल ते वाक्य आपलं. 'खुलं' म्हणजे एआयचं उत्तर हाच अभ्यासाचा विषय, ते वहीत चिकटवा आणि तपासा. शब्द लिहायला शिक्षक विसरले, तर काम 'मदतीपुरतं' समजायचं. ही ओळ नियमात नक्की घाला, कारण विसरायला होणारच.

कोणत्या कामाला कोणता शब्द, हे ठरवायला एक प्रश्न पुरतो : या कामातून मुलाने काय शिकावं असं मला वाटतं? सातवीच्या मुलाने वाक्याला वाक्य जोडायला शिकावं म्हणून निबंध असेल, तर वाक्य जोडून देणारं यंत्र तिथे बंद. दहावीच्या मुलीला प्रकाशाचं अपवर्तन वर्गात कळलं नाही आणि तेच सोप्या शब्दांत पुन्हा ऐकायचं असेल, तर मदतीपुरतं. शिकवणी परवडत नसलेल्या घरात रात्री नऊ वाजता अशी मदत मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि घाबरून ती बंद करणं मला अन्यायाचं वाटतं. आकृती मात्र तिनेच काढायची.

'खुलं' हा शब्द शिक्षकांना सुरुवातीला जड जातो. एक तास करून पाहा. नववीच्या वर्गात एआयला "पावसावरचा तुकाराम महाराजांचा एक अभंग दे" असं सांगा आणि आलेला अभंग मुलांना गाथेत शोधायला लावा. यंत्र कित्येकदा स्वतःच ओळी जुळवून शेवटी 'तुका म्हणे' लावून देतं. मुलं गाथेची पानं उलटतात, सूची बघतात, आजीला विचारतात, आणि अभंग सापडत नाही तेव्हा यंत्र किती आत्मविश्वासाने खोटं बोलतं हे त्यांना आपोआप कळतं. वर शोधताना चार खरे अभंग वाचून होतात. आपल्या गावाच्या नदीबद्दल, जत्रेबद्दल, जवळच्या किल्ल्याबद्दल विचारून आलेली माहिती गॅझेटियरशी आणि गावातल्या जाणत्या माणसांशी ताडून पाहणं हाही असाच चांगला तास होतो.

खूण लावतानाच गृहपाठही बदलावा लागेल. 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर दहा ओळी कुठलंही यंत्र दहा सेकंदांत देतं, आणि खरं तर यंत्राच्या आधी गाइडही देतच होतं. त्याऐवजी "तुमच्या घरी एका दिवसात पाणी किती भरलं, ते कुठून आणलं, कोणी आणलं, कशाला वापरलं, हे मोजून लिहा" असं दिलं, तर मुलाला हंडे आणि बादल्या मोजाव्याच लागतात. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी चार बादल्या म्हणतं, कोणी टँकरची रांग सांगतं, आणि धडा तिथून सुरू होतो. सगळे गृहपाठ असे करता येत नाहीत. महिन्यातून विषयाला दोन झाले तरी फरक दिसतो.

आणखी एक कसोटी 'बंद' सोडून बाकी प्रत्येक कामाला लावा : ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलाला हे काम पूर्ण गुणांनी करता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर ते काम घरी देऊ नका, संगणक कक्षात गट करून करून घ्या. पहिल्या पायरीतल्या चिठ्ठ्या इथे कामी येतात.

दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. या वीस गुणांचं सगळं काम घरून लिहून आणलेल्या कागदावर तोलू नका. तोंडी आणि वर्गातल्या कामाचा वाटा वाढवण्याची जितकी मुभा मिळते तितकी घ्या.

पायरी पाचवी : वापरलं ते सांगायचं

'मदतीपुरतं' आणि 'खुलं' असलेल्या कामाखाली मुलाने दोन ओळी लिहायच्या. नमुना त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या :

"एआय वापरलं : हो. कशासाठी : मुलाखतीचे प्रश्न सुचवायला. काय बदललं : आठ प्रश्नांतले तीन ठेवले, बाकीचे आजोबांना लागू होत नव्हते."

या ओळी लिहिल्याबद्दल गुण कापायचे नाहीत, कधीच नाहीत. एका शिक्षकाने जरी "म्हणजे तू स्वतः केलंच नाहीस" असं वर्गासमोर म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वह्यांत "एआय वापरलं : नाही" असंच लिहून येईल.

पायरी सहावी : संशय आला तर

एआयचं लेखन ओळखून देण्याचा दावा करणारी साधनं बाजारात आहेत. त्यांच्या निकालावर एकाही मुलाला शिक्षा करायची नाही, हे नियमात ठळक लिहा. ओपनएआयने स्वतः असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याला यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला. त्याच वर्षी जुलैत ते अचूकतेअभावी बंद झालं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्येच अशी सात साधनं तपासली. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध त्या साधनांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले. आपली मुलं तर इंग्रजी शिकतानाच घोटवलेल्या, साच्यातल्या वाक्यांतून शिकतात. तिथे ही साधनं किती प्रामाणिक मुलांना चोर ठरवतील याचा विचार करा.

मराठी लेखनात शिक्षकांना वाटतं की आपल्याला वाचूनच कळतं. 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावतो', 'च्या माध्यमातून', 'सामाजिक एकोप्याचे प्रतीक' असं सहावीच्या वहीत दिसलं की हात थबकतो. पण निबंधाच्या पुस्तकांनी हीच भाषा मुलांना अनेक पिढ्या पाठ करायला लावली आहे. पाठांतर चांगलं असलेली मुलगी यंत्राशिवायही असंच लिहील. तेव्हा भाषेवरून शंका घ्यायला हरकत नाही, निकाल मात्र देता येत नाही.

मग करायचं काय? मुलाशी बोलायचं. बाजूला बोलवा, वर्गासमोर नको. वही समोर ठेवा आणि आवाज नेहमीचाच ठेवा. समजा 'माझा आवडता सण' असा निबंध आहे आणि त्यात पोळ्याबद्दल लिहिलंय. "यात तू सामाजिक एकोप्याचं प्रतीक लिहिलंस, ते तुमच्या गावात कसं दिसतं रे?" असं विचारा. स्वतः लिहिलेलं मूल सांगतं : "बाई, बैल नाहीत त्यांच्याकडे पण आमचे बैल नेतात ओवाळायला, म्हणून." पाठ केलेलं मूलही काहीतरी सांगतं. उतरवून आणलेलं मूल गप्प राहतं किंवा तेच वाक्य पुन्हा म्हणतं. मग दुसरा प्रश्न : "यातली कोणती ओळ तुझी स्वतःची आहे?" बहुतेक मुलं इथे खरं सांगतात. तरीही शंका राहिली तर त्याच विषयावर आठ ओळी समोर बसून लिहायला सांगा आणि गुण त्या आठ ओळींना द्या. आरोप सिद्ध करत बसण्याची गरज उरत नाही आणि मुलाला स्वतःचं लिहायची संधी मिळते.

मोठ्या प्रकल्पांसाठी कच्चं काम जपायला लावा : पहिला खर्डा, मुलाखतीची टिपणं, खाडाखोड. याचं महत्त्व अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हिंगम इथल्या प्रकरणातून चांगलं कळतं. तिथल्या माध्यमिक शाळेने इतिहासाच्या प्रकल्पात एआय वापरल्याबद्दल एका विद्यार्थ्याला शिक्षा केली. शाळेच्या नियमपुस्तिकेत एआयचा उल्लेखच नव्हता, असं म्हणत पालक न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेची कारवाई रोखायला नकार दिला. शाळेकडे ओळख-साधनाच्या निकालाखेरीज बरंच काही होतं : प्रकल्पाच्या फाइलवर त्या मुलाने जेमतेम ५२ मिनिटं काम केल्याची नोंद, जिथे बाकीच्या मुलांचे सात ते नऊ तास गेले होते, आणि संदर्भ म्हणून दिलेली, अस्तित्वातच नसलेली पुस्तकं. शाळेचं म्हणणं टिकलं, पण नियमपुस्तिकेतच एक स्पष्ट ओळ असती तर वाद बहुधा एवढा वाढला नसता.

पहिल्या वेळी काम पुन्हा करायला सांगा, बाकी काही नाही. दुसऱ्या वेळी पालकांना बोलावून बोला. तिसऱ्यांदा त्या कामाचे गुण शून्य आणि मुख्याध्यापकांकडे नोंद. प्रत्येक टप्प्यावर मुलाचं म्हणणं ऐकून लिहून घ्यायचं आणि पालकांना मुख्याध्यापकांकडे दाद मागता यायला हवी. परीक्षा हॉलमधला फोन हा वेगळा विषय आहे. तिथे परीक्षेचे नियम आधीपासून आहेत आणि तेच लागू होतात.

पायरी सातवी : शिक्षकांसाठीचा कागद

मुलांचा कागद भिंतीवर लागेल त्याच दिवशी शिक्षकांचाही लागू द्या. टाचण करायला, सरावाचे प्रश्न काढायला, धड्यासाठी उदाहरणं सुचवायला एआय वापरा, पण वर्गात नेण्याआधी प्रत्येक गणित स्वतः सोडवून पाहा आणि प्रत्येक माहिती पाठ्यपुस्तकाशी ताडा. उत्तरपत्रिका तपासायचं काम यंत्राकडे देऊ नका. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका एआयमध्ये टाकू नका. ती शाळेबाहेर गेली असंच धरावं लागेल.

वर्णनात्मक नोंदींबद्दल मला विशेष काळजी वाटते. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाबद्दल वेगळं लिहिणं किती जिवावर येतं हे कोणत्याही वर्गशिक्षकाला विचारा. त्यामुळे मुलांची नावं आणि गुण टाकून सगळ्या नोंदी एका झटक्यात काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण ती नोंद आई-वडील वाचतात, मूल वाचतं, आणि कधीकधी आयुष्यभर जपून ठेवतं. नावं टाकणं तर बंदच. वाक्यरचना सुचवायला मदत घ्या, परंतु "परिपाठात गोष्ट सांगताना आता अडखळत नाही" ही ओळ त्या मुलाला रोज पाहणाऱ्या बाईंनीच लिहावी.

पायरी आठवी : फोटो आणि आवाज

एखाद्या मुलीचा किंवा शिक्षिकेचा फोटो घेऊन एआयने अश्लील चित्र बनवणं, कोणाचा आवाज नकली करून पाठवणं, हे 'एआयचा गैरवापर' या सौम्य शब्दाखाली ठेवू नका. याची वर दिलेल्या तीन टप्प्यांशी सांगड घालायची नाही. अठराखालच्या मुलीचं असं चित्र संगणकाने बनवलेलं असलं तरी पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्यात आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमात येतं. पॉक्सोखालचा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. शाळेचं नाव जाईल म्हणून घरातल्या घरात मिटवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही.

अशा वेळी काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. चित्र पुरावा म्हणूनही कोणी कोणाला पाठवायचं नाही, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. कोणत्या खात्यावरून, किती वाजता, कोणत्या ग्रुपवर आलं एवढं लिहून ठेवायचं. मुलीला एकटं सोडायचं नाही आणि तिला "फोटो टाकलासच कशाला" असं कोणी म्हणायचं नाही. पालकांना त्याच दिवशी बोलवायचं. शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीतल्या ज्या सदस्यावर मुलींचा विश्वास आहे, तिला सोबत घ्यायचं. पोलीस ठाणं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन यांची माहिती ऑफिसात आणि मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर लावा. चित्र बनवणारा मुलगाही बहुधा अल्पवयीनच असतो. त्याचं काय करायचं हे बाल न्याय कायद्याप्रमाणे ठरतं, शाळेच्या आवारातल्या गर्दीने नाही.

पायरी नववी : पालकसभा आणि एका पानाचा कागद

पालकसभेत एआय म्हणजे काय यावर भाषण देऊ नका. पालकांना दोनच गोष्टी हव्या असतात : मुलाला वापरू द्यायचं का, आणि द्यायचं तर आपण काय बघायचं. गृहपाठापुढचे तीन शब्द त्यांना समजावा, एक वही दाखवा. "उत्तर मिळालं की मुलाला फोन बाजूला ठेवून तेच तुम्हाला सांगायला लावा" एवढं एक काम सांगा. ते न शिकलेल्या आईलाही जमतं, कारण मूल अडखळतं कुठे हे कळायला धडा येत असावा लागत नाही.

कागद एका पानाचा हवा आणि सहावीच्या मुलाला मोठ्याने वाचून कळायला हवा. हा नमुना आपल्या शाळेप्रमाणे बदलून घ्या :

"गृहपाठापुढे 'बंद' लिहिलं असेल तर मी एआय वापरणार नाही. 'मदतीपुरतं' असेल तर विचारेन, पण वाक्यं माझी लिहीन. 'खुलं' असेल तर उत्तर तपासेन. काहीच लिहिलं नसेल तर ते 'मदतीपुरतं'. वापरलं तर खाली लिहीन, आणि लिहिलं म्हणून माझे गुण जाणार नाहीत. माझी किंवा कोणाचीही खासगी माहिती आणि फोटो त्यात टाकणार नाही. एआय चुकतं, म्हणून मी पुस्तकात पाहीन किंवा बाईंना विचारेन. माझ्या घरी फोन नसला तरी मला पूर्ण गुण मिळू शकतात. माझ्यावर शंका घेतली गेली तर आधी माझं ऐकून घेतलं जाईल."

खाली मुलाची, पालकांची आणि वर्गशिक्षकांची सही. शेवटची सही विसरू नका. या कागदातली तीन वचनं शाळेने दिलेली आहेत.

पायरी दहावी : दिवाळीपूर्वी पुन्हा बघा

जूनमध्ये लागू केलेले नियम पहिल्या सत्राच्या शेवटी उघडून बघा, वर्षअखेरीची वाट पाहू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात एआय आणणार असल्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा बदल शाळेच्या दाराशी येतच आहेत. बैठकीत कोरे कागद नकोत, वह्या हव्यात. प्रत्येक वर्गातल्या पाच वह्या कोणत्याही क्रमाने उचला. किती गृहपाठांपुढे खूण आहे ते बघा. "एआय वापरलं : हो" असं किती वेळा लिहिलंय ते मोजा. हा आकडा शून्य असेल तर मुलांना अजून भीती वाटते आहे, आणि पाचवी पायरी कुठल्या वर्गात मोडली हे शोधावं लागेल. संशयाची किती प्रकरणं आली, त्यांतली किती बोलण्यावर मिटली, आणि कारवाई झालेली मुलं कोण होती, हे बघा. ती सगळी एकाच वस्तीतली किंवा एकाच माध्यमातून आलेली असतील, तर नियम चुकीच्या मुलांवर पडतो आहे आणि त्याच बैठकीत तो बदलायला हवा. मग जूनच्या चिठ्ठ्या पुन्हा वाटा, तेच चार प्रश्न, नाव न लिहिता.